चोर सोडून स्नोमोबाइलला सुळी

लॅपलँड, नॉर्वे किंवा अलास्कावरच्या मराठी प्रवासलेखात एक परिच्छेद ठरलेला असतो. अरोरा बघून झालेला असतो, काचेच्या इग्लूत झोप झालेली असते, रेनडिअरचं मांस चाखावं की नाही यावर अर्धं पान खर्ची पडलेलं असतं. मग लेखक एकाएकी उदास होतो. त्या अथांग पांढऱ्या शांततेत कुठूनशी फटफट ऐकू येते आणि रेनडिअर राखणारा सामी माणूस स्कीवरून न येता हेल्मेट घालून स्नोमोबाइलवरून येतो. ‘अरेरे, इथेही यंत्र पोचलंच!’ हे वाक्य लिहिणारा स्वतः तीन विमानं बदलून, विमानतळावरून गरम बसने हॉटेलवर आलेला असतो. त्या यंत्रांबद्दल त्याला काही ‘अरेरे’ वाटत नाही.

हेच रडगाणं पाश्चात्त्य निसर्गप्रेमी जास्त व्यासंगाने गातात. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे, कारण ते पहिल्या वाचनात पटतं. स्नोमोबाइल आली आणि कुत्र्यांची स्लेज गेली. स्लेजबरोबर हजारो वर्षांची जीवनपद्धती गेली. जो शिकारी कुणाचं एक पैसा देणं लागत नव्हता, तो पेट्रोल, स्पार्क प्लग आणि कर्जाचे हप्ते यांच्या दावणीला बांधला गेला. रानातली जनावरं बिथरली, हवा नासली, शांतता मेली. तेव्हा उत्तरेतल्या आदिम समाजांनी आपल्या मुळांकडे परत जावं, आणि नाहीच जाता आलं तर निदान त्यांनी हे काय करून ठेवलं याची खंत तरी बाळगावी.

म्हणजे खंत त्यांनी बाळगायची आणि सुट्टी आपण घालवायची. ट्रॅक्टर फिरवणाऱ्या मामेभावाला ‘बैलजोडी विकलीस, गावाची कळाच गेली’ असं पुण्याहून आलेल्या आतेभावाने ऐकवावं, त्यातली ही गत. आतेभावाने आयुष्यात कधी बैलाला वैरण घातलेली नसते.

या यंत्राचा जन्म कुठे झाला तेवढं आधी बघू. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचं गाव आहे. जोझेफ-आर्मां बोंबार्डिए हा तिथला गॅरेजवाला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे खटाटोप पोरवयापासून चाललेले होते. १९३४च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला पोटाच्या विकाराने गाठलं. रस्ते बर्फाखाली गेलेले, इस्पितळ दूर, आणि बर्फावरची गाडी अजून कामाची झालेली नाही. मूल दगावलं. पुढे १९३७ साली बोंबार्डिएने दातेरी चाकाने फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट घेतलं आणि त्यावर बांधलेल्या मोठ्या बंदिस्त गाड्यांतून डॉक्टर फिरले, टपाल गेलं, मुलं शाळेत गेली. चैनीसाठी निघालेलं खेळणं गरिबाच्या हाती पडलं, अशी गोष्ट सांगणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. गरज पहिली. खेळ मागून आला.

पुढची घटना मला याहून महत्त्वाची वाटते. १९४८मध्ये क्वेबेक सरकारने खेड्यापाड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचं ठरवलं आणि बोंबार्डिएच्या त्या गाड्यांचा खप एकदम कोसळला. सरकारने रस्ता दिला, लोकांनी बर्फावरची गाडी सोडली. कुणी अश्रू ढाळले नाहीत, संस्कृतीवर परिसंवाद भरले नाहीत. दक्षिणेतल्या माणसाला रस्ता मिळाला. उत्तरेतल्या माणसाला? नुनावुत या कॅनडातल्या इनुइट प्रदेशात २५ वस्त्या आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही दोन वस्त्या रस्त्याने जोडलेल्या नाहीत. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमोबाइल, आणि खिशात पैसे असतील तर विमान. ज्याच्या दारात डांबरी रस्ता आहे त्याने रस्ता नसलेल्याला ‘तुझं वाहन फार आवाज करतं’ म्हणून सुनावणं, याला निर्लज्जपणा म्हणावं की निरागसता?

आता कुत्र्यांकडे येऊ. या खटल्यातला सगळ्यात भावनिक पुरावा तोच. स्नोमोबाइलने कुत्री संपवली, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमधल्या इनुइट म्हाताऱ्यांना विचारलं तर ते वेगळंच सांगतात. १९५०-६०च्या दशकांत सरकारने विखुरलेल्या कुटुंबांना शाळा, दवाखाना आणि भत्त्याच्या आमिषाने, काही ठिकाणी धाकाने, वस्त्यांत आणून बसवलं. त्याच सुमारास कुत्री मोकळी सोडता येणार नाहीत, बांधून ठेवलीच पाहिजेत, असा नियम लागू झाला. स्लेज ओढणारं कुत्रं साखळीवर ठेवलं तर त्याची ताकद जाते, हे इनुइट माणसाला ठाऊक होतं. नियम करणाऱ्याला नव्हतं, किंवा असून फरक पडत नव्हता. मोकळं दिसलेलं कुत्रं पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी गोळी घालून मारलं. सामान आणायला स्लेजवरून वस्तीत आलेल्या माणसाची कुत्री तिथल्या तिथे मारली गेली आणि घरी परतायचं साधनच उरलं नाही, अशा साक्षी पुढे नोंदल्या गेल्या आहेत. इनुइटांच्याच संघटनेने नेमलेल्या किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने २००७ ते २०१० या काळात वस्तीवस्तीत जाऊन त्या ऐकल्या. क्वेबेकच्या उत्तर भागात, म्हणजे नुनाविकमध्ये, एका माजी न्यायाधीशांनी वेगळी चौकशी केली आणि पोलिसांनी हजारावर कुत्री मारल्याचा निष्कर्ष काढला. २०११मध्ये क्वेबेक सरकारने या प्रकरणी भरपाई दिली. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९मध्ये पूर्व आर्क्टिकमधल्या किकिक्तानी भागातल्या इनुइटांची आणि २०२४मध्ये नुनाविकच्या इनुइटांची जाहीर माफी मागितली.

रोगराईने कुत्री मेली, काहींनी यंत्र घेतल्यावर आपण होऊन पाळणं सोडलं, हेही आहे. पण ज्या गुन्ह्याची सरकारं माफी मागताहेत तो स्नोमोबाइलच्या नावावर खपवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं. अनेक घरांत कुत्री आधी गेली, यंत्र नंतर आलं. नंतर आलेल्याने आधीच्याचा खून कसा करायचा?

शिवाय कुत्री पाळणं म्हणजे काय, याचा हिशेब हळहळणाऱ्यांनी कधी मांडला आहे का? दहा-बारा कुत्र्यांचा संघ रोज मांस खातो. सील, वॉलरस, मासे, जे मिळेल ते. हिवाळ्यात काम करतो म्हणून खातो आणि उन्हाळ्यात काम नसलं तरी खातोच. शिकारीतला मोठा वाटा कुत्र्यांच्या पोटात जायचा. पूर्णवेळ शिकारी असाल तर हे गणित जमतं. वस्तीत आल्यावर शिकारी शाळेत रखवालदार झाला, त्याची बायको दवाखान्यात दुभाषी झाली, पोरं घंटेवर वर्गात बसू लागली. शिकारीची राहुटी होती तिथून बिऱ्हाड हललं आणि सीलचा बर्फ, कॅरिबूची वाट कोसच्या कोस लांब गेली. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटून रविवारी रात्रीपर्यंत मांस घेऊन परत यायचं असेल तर कुत्र्यांनी ते होत नाही. यंत्राने होतं. शिकार मोडली म्हणून ज्याच्यावर खटला चालवला जातो, त्याच्याच जोरावर शिकार टिकली. मांस आणायचं, म्हाताऱ्यांच्या घरी आधी पोचवायचं, उरलेलं नात्यागोत्यात वाटायचं, हा व्यवहार टिकला तो पेट्रोलवर. विमानाने येणाऱ्या सामानाचे तिथल्या दुकानातले भाव बघितले की शनिवार-रविवारच्या या शिकारीला छंद म्हणायची कुणाची जीभ रेटणार नाही.

‘संस्कृती गेली’ म्हणणाऱ्यांनी स्नोमोबाइलच्या मागे काय बांधलेलं असतं ते वाकून बघावं. ती कामुटिक असते, इनुइटांची लांब लाकडी स्लेज. तिच्या आडव्या फळ्या दोन्ही धावपट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने आवळून बांधतात. समुद्रावरच्या उंचसखल बर्फातून जाताना खिळ्यांचा सांगाडा फुटतो. दोरीचा मात्र प्रत्येक धक्क्यागणिक थोडा वाकतो, पिरगळतो आणि पुन्हा सरळ होतो. पूर्वी बांधायला सीलच्या कातड्याची वादी असायची, आता नायलॉन असतं. धावपट्टीखाली गोठवलेल्या चिखलाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी लावतात. वर पेट्रोलचे कॅन, स्टोव्ह, जास्तीचा पट्टा, रायफल, आणि त्यांच्या शेजारी भाला. स्लेज तीच, बांधणी तीच, वाटही पुष्कळदा तीच. नुनावुतमधल्या इग्लूलिकच्या परिसरात क्लाउदिओ आपोर्ता या मानवशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय की समुद्राच्या बर्फावरच्या वाटा दर उन्हाळ्यात वितळून जातात आणि दर हिवाळ्यात लोक त्या जवळपास जुन्याच जागी पुन्हा पाडतात. पुढचं इंजिन तेवढं बदललं.

आणि अस्सलपणाचा जो माल पर्यटकाला विकला जातो, त्याची गंमत बघा. फिनिश लॅपलँडमध्ये हस्की कुत्र्यांच्या स्लेजवर बसून फोटो काढणं म्हणजे उत्तरेचा प्राचीन आत्मा अनुभवणं, असं सहलीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. सामींनी कुत्र्यांच्या स्लेज कधी वापरल्याच नाहीत. ते स्कीवर चालत आणि सामान रेनडिअरकडून ओढून घेत. त्यांचं कुत्रं कळप राखायचं. हस्कीचा धंदा तिथे पर्यटनाबरोबर आला, स्नोमोबाइलच्याही मागाहून. या कुत्र्यांच्या ताफ्यांमुळे आमचे कळप बिथरतात, अशी सामी पशुपालकांची तक्रार आहे. म्हणजे यांत्रिक म्हणून जिला नाकं मुरडली जातात ती गाडी सामी माणसाच्या रोजच्या कामाची, आणि पारंपरिक म्हणून जिच्यावर बसून डोळे पाणावतात ती बाहेरून आलेली. अलास्कातली इडिटारॉड ही कुत्र्यांची जगप्रसिद्ध शर्यत जो रेडिंग्टन यांनी १९७३ साली सुरू केली, तीच मुळी यंत्रांमुळे कुत्री हद्दपार होऊ नयेत म्हणून. हेतू उत्तमच. मात्र शर्यतीच्या पुढे बर्फ दाबून वाट पाडत कोण जातं? स्नोमोबाइलवाले.

कुत्री जपायची तर ती जपताही येतात. ग्रीनलँडने आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावर आपल्या स्लेज-कुत्र्यांशिवाय दुसरी जात आणायलाच बंदी घातली आहे. वायव्येकडच्या कानाक भागात शिकारीसाठी स्नोमोबाइल चालत नाही; कुत्र्यांची स्लेजच लागते. हा निर्णय तिथल्या शिकाऱ्यांचा, कारण बर्फाच्या कडेला नारव्हालच्या मागावर असताना इंजिनाचा आवाज त्यांना परवडत नाही. तिथे कुत्री, इकडे यंत्र, दोन्ही ठिकाणी ठरवणारे तिथले रहिवासी. आपल्या मताला या प्रकरणात नेमकी जागा कुठे आहे?

यावर विद्वान विरोधक पेर्टी पेल्टो यांचं ‘द स्नोमोबाइल रिव्होल्यूशन’ हे १९७३चं पुस्तक काढून दाखवतात. पुस्तक चांगलं आहे, त्याला हसण्यावारी नेता येत नाही. ईशान्य फिनलंडमधल्या सेवेट्टियार्वीच्या स्कोल्ट सामींत पेल्टो राहिले होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिली स्नोमोबाइल आली आणि दहा वर्षांत रेनडिअर पाळण्याची रीत उलटीपालटी झाली. माणसाला सरावलेले कळप यंत्राच्या पाठलागाने रानटी झाले, वासरांचं प्रमाण घटलं, ज्यांना यंत्र परवडलं ते तरले, ज्यांना नाही त्यांचे कळप गेले. हे सगळं घडलं. पण पुस्तक एका दशकाचं आहे आणि लोक त्याला शेवटचा निकाल समजून बसले आहेत. शिवाय हे स्कोल्ट सामी मुळचे सेवेट्टियार्वीचे नव्हेतच. त्यांची पेट्सामोकडची भूमी १९४४मध्ये सोव्हिएत संघाकडे गेली, आणि युद्धानंतर त्यांना या नव्या जागी आणून वसवलं. कुरणं गेली, वाटा गेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी गेली. अशा उपटून लावलेल्या समाजाला पंधरा वर्षांच्या आत यंत्राचा धक्का बसला, तर सगळं खापर यंत्रावर?

त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं लोटली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधले सामी आजही रेनडिअर पाळताहेत आणि स्नोमोबाइलवरूनच पाळताहेत. हिवाळ्यात अवेळी पाऊस पडून वर बर्फाचं कवच धरलं की खालचं दगडफूल रेनडिअरला खुरांनी उकरता येत नाही. अशा वेळी चारा कळपापर्यंत स्नोमोबाइलमागच्या स्लेजवरूनच जातो. आपला धंदा कशामुळे धोक्यात आहे हे त्यांना विचारा. ते खाणी सांगतील, धरणं सांगतील, जंगलतोड सांगतील, पवनचक्क्या सांगतील. नॉर्वेत फोसेन इथे सामींच्या हिवाळी कुरणांत १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने अवैध ठरवले, पाती मात्र फिरत राहिली. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा सामी तरुण ओस्लोत मंत्रालयाच्या दारात जाऊन बसले. पुढे तडजोडी झाल्या; पवनचक्क्या अजून उभ्याच आहेत. सामी माणसाच्या स्नोमोबाइलच्या आवाजाने ज्यांची झोप उडते, त्यांना या १५१ पवनचक्क्यांची घरघर ऐकू कशी आली नाही? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

‘यंत्राला पातळ बर्फ कळत नाही, कुत्र्याला कळायचं’ हा या सगळ्यांतला एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. इंजिन बंद पडलं तर ते वादळात घरी आणून सोडत नाही, हेही खरं. पण बर्फ पातळ कुणी केला? तो जिथे शतकानुशतकं धरायचा तिथेच आता धरत नाही. तिथले लोक त्यावर सुस्कारे सोडत बसलेले नाहीत. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या नेन गावात २००९-१०चा हिवाळा विलक्षण उबदार गेला, नेहमीच्या वाटांवर माणसं बर्फात पडली. त्यातून ‘स्मार्ट-आइस’ हा उपक्रम निघाला: बर्फाची जाडी मोजणारं उपकरण स्लेजवर ठेवायचं, ती गावातल्याच माणसाने स्नोमोबाइलमागे ओढत न्यायची आणि वाट सुरक्षित आहे की नाही हे गावाला कळवायचं. त्यालाही यंत्रच लागलं.

शांततेचं म्हणाल तर ती कुणाची, हे आधी ठरवावं लागेल. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये १९६३ साली स्नोमोबाइल शिरल्या आणि नव्वदीपर्यंत गर्दीच्या दिवशी हजारावर यंत्रं उद्यानात घुसत. टू-स्ट्रोक इंजिनांच्या निळ्या धुराने पश्चिम प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना २००२मध्ये तोंडावर मास्क चढवायची पाळी आली. एका अध्यक्षाने बंदी आणली, दुसऱ्याने उठवली, दोन न्यायालयांनी उलटसुलट आदेश दिले. शेवटी २०१३च्या नियमाने रोज जाणाऱ्या ताफ्यांची संख्या बांधून दिली आणि स्वच्छ, कमी आवाजाच्या इंजिनांची अट घातली. ठीकच झालं. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत दीडशे अश्वशक्तीचं धूड घेऊन चढावर नक्षी काढणाऱ्या हौशी वीरांनी कॅरिबूंची कुरणं चेपावीत आणि त्या चेपलेल्या वाटेने लांडगे वर चढावेत, याचीही तरफदारी मी करणार नाही. तिथे खुशाल बंदी घाला.

पण हे करणारे कोण होते? सुट्टीवर आलेले शहरी लोक. त्यांच्या पापाची पावती उत्तरेतल्या शिकाऱ्याच्या नावाने फाडायचं कारण काय? कायद्याला हा फरक कळतो. अलास्काच्या १९८०च्या जमीन-संवर्धन कायद्याने उपजीविकेसाठी रानावर अवलंबून असलेल्या स्थानिकांचा राखीव भूमीवर स्नोमोबाइल वापरण्याचा हक्क स्वतंत्रपणे मान्य केला. नॉर्वेने १९७७मध्येच रानात हौसेखातर इंजिन नेण्यावर बंदी घातली आणि रेनडिअर-पालकांच्या कामाला मोकळीक ठेवली. कायदे करणाऱ्यांना जे जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी उमजलं, ते आपल्या संवेदनशील प्रवासवर्णनकारांना अजून उमजत नाही. आणि मूक पावलांनी स्कीवर जाणाऱ्या निसर्गभक्तांसाठी एक बातमी: नॉर्वेतल्या रानटी रेनडिअरांवर २००३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कळपांकडे कधी स्नोमोबाइल नेली, कधी स्कीवरचा माणूस. रेनडिअर जास्त लांब पळाले ते स्कीवाल्यापासून.

धुराबद्दल फार लिहायला नको. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मुंबईहून लॅपलँडला जाऊन येणाऱ्या विमानातल्या एका खुर्चीच्या वाट्याला तो एक टनाच्या पुढे येतो, म्हणजे सव्वाचारशे लिटरहून जास्त पेट्रोल. ओझं ओढणारी स्नोमोबाइल लिटरला चारच किलोमीटर धावते असं धरलं, तरी एका पर्यटकाच्या एका सुस्काऱ्यात शिकाऱ्याचे सतराशे किलोमीटर होतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

उत्तरेच्या पावित्र्याचा एवढाच कळवळा असेल तर त्याला एक पत्ता सुचवतो. १९५९ साली बोंबार्डिएने ‘स्की-डू’ या आपल्या नव्या हलक्या स्नोमोबाइलचं एक अगदी पहिलं यंत्र उत्तर ऑन्टॅरिओतल्या लॅन्सडाउन हाउस या ओजिब्वे वस्तीवर, तिथल्या मिशनरी मित्राकडे पाठवलं. कुत्र्यांच्या मागे मैलोगणती फिरणाऱ्या त्या पाद्र्याला ते हवंच होतं. ती वस्ती पुढे जवळच्याच नेस्कांटागा गावी हलली. त्या गावाला आजही बारमाही रस्ता नाही, आणि नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका ही सूचना तिथे १९९५च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. कॅनडासारख्या गोड्या पाण्याने ओसंडणाऱ्या श्रीमंत देशात एक पिढी उकळलेल्या आणि बाटलीतल्या पाण्यावर वाढली. यावर कुणा प्रवासवर्णनकाराने उद्गारचिन्ह खर्च केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्या गावाला रस्ता द्या, नळाला पिण्याजोगं पाणी द्या, आजारी माणसाला विमानाची वाट न बघता डॉक्टर भेटेल एवढी सोय करा. मग स्नोमोबाइल ठेवायची की टाकायची ते तिथले लोक बघून घेतील. आणि ठेवायचीच असं त्यांनी ठरवलं, तर आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत.